कृष्णविवर : मुंबई बंदरातून निघालेले एक गणित

नायगावच्या खाडीकाठी ज्यांचे बालपण गेले, त्यांना काळोख परका नाही. मिठागरांच्या बाजूला दिवे नव्हते. अमावास्येच्या रात्री पाणजू बेटाकडे जाणारी होडी दिसत नसे, पण वल्ह्यांचा आवाज मात्र पाण्यावरून स्पष्ट येई. होडी दिसत नाही म्हणून ती नाहीच, असे कोणी म्हणत नसे.

हे आठवण्याचे कारण शेजारचा एक शाळकरी मुलगा. नारिंगी रंगाच्या धूसर कड्याचे ते प्रसिद्ध छायाचित्र त्याने आमच्यापुढे धरले आणि विचारले, "काका, कृष्णविवराचा पहिला फोटो २०१९ साली निघाला. मग त्याच्या आधीच्या पुस्तकांत त्याच्याविषयी एवढे कसे लिहिलेले? कोणी पाहिले तर नव्हते!" प्रश्न संत थॉमसच्या परंपरेतला आहे आणि तो टाळण्यासारखा नाही. त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, कारण ते उत्तर म्हणजे सुमारे अडीचशे वर्षांचा इतिहास आहे. त्यातले एक महत्त्वाचे पान तर आपल्या शेजारच्या मुंबई बंदरात उघडते.

आरंभ एका धर्मगुरूपासून करावा लागतो. वसईचा किल्ला इंग्रजांनी पेशव्यांना परत द्यावा असे १७८२ साली साळबाईच्या तहात ठरले. त्याच्या पुढच्याच वर्षी इंग्लंडमधील थॉर्नहिल या गावचे अँग्लिकन धर्मगुरू जॉन मिचेल यांनी आपले मित्र हेन्री कॅव्हेंडिश यांना एक प्रदीर्घ पत्र लिहिले. ते लंडनच्या रॉयल सोसायटीत वाचले गेले. मिचेल यांचा विचार साधा होता. वर फेकलेला दगड खाली येतो. पण तो पुरेशा वेगाने फेकला तर परत येणार नाही. या वेगाला आपण मुक्तिवेग म्हणतो. पृथ्वीसाठी तो सेकंदाला सुमारे ११ किलोमीटर आहे, सूर्यासाठी सुमारे ६१८. प्रकाशाचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर. मग एखादा तारा इतका मोठा असेल की त्याचा मुक्तिवेग प्रकाशाच्या वेगाहूनही अधिक भरेल, तर? सूर्याइतक्याच घनतेचा पण सूर्याच्या पाचशे पट व्यासाचा तारा असला, तर त्याचा प्रकाश त्याच्याकडेच परत ओढला जाईल आणि तो आपल्याला कधीच दिसणार नाही, असे गणित मिचेल यांनी मांडले. त्यापुढचे त्यांचे वाक्य आम्हांला अधिक मोलाचे वाटते. असा अदृश्य तारा दुसऱ्या एखाद्या दृश्य ताऱ्याचा सोबती असेल, तर त्या दृश्य ताऱ्याच्या गतीवरून अदृश्याचा पत्ता लागू शकेल, असे त्यांनी सुचवून ठेवले. वल्ह्यांच्या आवाजावरून होडी ओळखण्याचाच हा प्रकार! फ्रान्समध्ये लाप्लास यांनी १७९६ साली असाच विचार मांडला. पुढे प्रकाश म्हणजे कण नव्हेत, लहरी आहेत, हे मत रूढ झाले आणि ही कल्पना अडगळीत पडली.

ती पुन्हा वर आली पहिल्या महायुद्धात. आइन्स्टाइन यांनी १९१५ च्या नोव्हेंबरात व्यापक सापेक्षता सिद्धांत पूर्ण केला. महिनाभरातच रशियाच्या आघाडीवर जर्मन सैन्यात असलेले खगोलवेत्ते कार्ल श्वार्झशिल्ड यांनी त्या समीकरणांचे पहिले अचूक उत्तर काढून आइन्स्टाइन यांना धाडले. एका दुर्धर त्वचारोगाने १९१६ च्या मे महिन्यात ते वारले. त्यांच्या उत्तरात एक विचित्र मर्यादा दडलेली होती. कोणतीही वस्तू दाबून विशिष्ट त्रिज्येच्या आत बसवली, तर गणित जणू तेथे थांबते. सूर्यासाठी ही त्रिज्या सुमारे ३ किलोमीटर येते. म्हणजे साऱ्या सूर्याचा असा गोळा करावा लागेल, की तो भाईंदर आणि वसई रोड या दोन स्थानकांच्या मधल्या अंतरात सहज मावेल. पृथ्वीची तर गोटीच करावी लागेल. असे निसर्गात कधी घडेल, यावर कोणाचा विश्वास बसला नाही. खुद्द आइन्स्टाइन यांचाही नाही.

तारा इतका दाबला जाईलच कशाला? आमच्याकडच्या मिठागरवाल्यांना हे चटकन समजेल. बाहेरून उधाणाचे पाणी सारखे रेटत असते आणि बांध त्याला थोपवून धरतो. ताऱ्यातही असेच असते. त्याचे स्वतःचेच वजन त्याला आत रेटते आणि गाभ्यात हायड्रोजनचे हेलियम होताना निर्माण होणारी उष्णता त्या रेट्याला तोलून धरते. इंधन आहे तोवर बांध शाबूत. ते संपले, की बांधाला खांड पडते. मग काय होते, हाच १९३० च्या आसपास मोठा प्रश्न होता. व्याध ताऱ्याचा एक अंधूक सोबती आहे. त्यात सूर्याएवढे द्रव्य पृथ्वीएवढ्या आकारात कोंबलेले आहे. अशा ताऱ्यांना श्वेतबटू म्हणतात. त्यांना कोण तोलून धरते? केंब्रिजचे राल्फ फाउलर यांनी १९२६ साली उत्तर दिले : इलेक्ट्रॉनांची गर्दी. गर्दी म्हणजे काय, हे नायगावकरांना सांगायला नको! सकाळच्या विरार गाडीत एका माणसाच्या जागी दुसरा उभा राहू शकत नाही. दाबले की सारा डबा उलट रेटा देतो. इलेक्ट्रॉनही तसाच उलट रेटा देतात. सगळे तारे म्हातारपणी श्वेतबटू होऊन शांतपणे विझत जातात, असा समाधानकारक निष्कर्ष निघाला.

हे समाधान मोडणारा तरुण ३१ जुलै १९३० रोजी मुंबई बंदरातून 'पिल्सना' या बोटीने निघाला. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून पदवी घेतलेल्या सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांचे वय तेव्हा एकोणीस होते. मिठाच्या सत्याग्रहाचे ते वर्ष. घरी आई गंभीर आजारी. मुलाने जावे असा तिचाच आग्रह. पुढच्या वर्षी ती गेली, आणि मायलेकरांची पुन्हा भेट झाली नाही. भर पावसाळ्यातला अरबी समुद्र कसा असतो हे आमच्या कोळी बांधवांना विचारावे. नारळी पौर्णिमेपूर्वी तेही होडी बाहेर काढीत नाहीत. पहिले काही दिवस हा तरुण बोट लागून आजारीच होता. समुद्र शांत झाल्यावर त्याने कागद काढले आणि फाउलर यांच्या गणिताकडे पुन्हा पाहिले. त्यात त्याला एक उणीव दिसली. ताऱ्यात दाब वाढतो तसे इलेक्ट्रॉन अधिकाधिक वेगाने धावू लागतात. पण आइन्स्टाइन यांच्या मते प्रकाशाहून अधिक वेगाने कोणीच धावू शकत नाही. म्हणजे एका ठिकाणी त्यांचा उलट रेटा अपुरा पडू लागणार! त्याने आकडे मांडले. उत्तर आले ते असे, की सूर्याच्या सुमारे १.४ पटींहून अधिक वस्तुमान असलेला श्वेतबटू टिकूच शकत नाही. विलायतेत एडमंड स्टोनर यांनी स्वतंत्रपणे अशाच दिशेने गणित केले होते, हेही न्यायाने सांगितले पाहिजे; पण जगाने आज ही मर्यादा चंद्रशेखर यांच्या नावाने ओळखली आहे.

मग जड ताऱ्यांचे पुढे काय होते? चंद्रशेखर यांनी कृष्णविवराचे नाव घेतले नाही. तेव्हा ते नावच नव्हते. अशा ताऱ्याचा शेवट श्वेतबटूत होणार नाही आणि दुसरा काही मार्ग शोधावा लागेल, एवढेच त्यांनी म्हटले. त्याचा खरा अर्थ ज्यांना सर्वांत आधी उमगला, ते सर आर्थर एडिंग्टन होते. आणि त्यांनाच तो सहन झाला नाही.

११ जानेवारी १९३५ रोजी लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत चंद्रशेखर यांनी आपला निबंध वाचला. एडिंग्टन त्यांच्याशी महिनोन्‌महिने या विषयावर बोलत आलेले. तरुण मित्राला वाचनासाठी अधिक वेळ मिळावा म्हणून त्यांनीच शब्द टाकला होता. निबंध संपल्यावर ते उठले आणि त्यांनी त्या गणिताची थट्टा आरंभली. हे खरे मानले तर तारा आकसत आकसत शेवटी असा होईल, की त्याचा प्रकाशही बाहेर पडणार नाही. निसर्गात असा वेडगळपणा होऊ न देणारा एखादा नियम असलाच पाहिजे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. सभा हसली. कृष्णविवराचे इतके नेमके वर्णन त्याआधी क्वचितच कोणी केले असेल, आणि तेही ते नाकारण्यासाठी!

युरोपातील थोर पदार्थवैज्ञानिकांना चंद्रशेखर यांनी पत्रे लिहिली. तुमचेच बरोबर आहे, असे खासगीत त्यांना कळवले गेले. पण एडिंग्टन यांच्याविरुद्ध जाहीरपणे बोलायला कोणी पुढे आले नाही. या मौनाचे आम्हांला थट्टेपेक्षा अधिक वाईट वाटते. थट्टा करणाऱ्याने निदान आपले मत तरी उघड सांगितले. चंद्रशेखर अमेरिकेस गेले. १९३९ साली त्यांनी आपले संशोधन एका ग्रंथात मांडले आणि हा विषय मिटवून ते दुसऱ्या कामाला लागले. कृष्णविवरांकडे ते परतले थेट उतारवयात. १९८३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले आणि त्याच वर्षी कृष्णविवरांच्या गणितावरचा त्यांचा ग्रंथही प्रसिद्ध झाला. त्याच्या आदल्या वर्षी एडिंग्टन यांच्या जन्मशताब्दीनिमित्त केंब्रिजमध्ये व्याख्याने देण्यास त्यांनाच बोलावले होते. ते गेले आणि एडिंग्टन यांच्याविषयी आदराने बोलले.

याच एडिंग्टन यांच्या हाताखाली १९२३-२४ साली केंब्रिजला आणखी एक जण शिकून गेला होता. तो होता नुकतीच गुरुदीक्षा घेतलेला बेल्जियमचा कॅथलिक धर्मगुरू, फादर जॉर्ज लेमेत्र. पहिल्या महायुद्धात ते सैनिक होते. विश्व प्रसरण पावत आहे आणि त्याला आरंभ असावा, हा विचार मांडणारे म्हणून आपले वाचक त्यांना ओळखतात. १९२७ चा त्यांचा निबंध इंग्रजीत आणून जगापुढे मांडण्यास एडिंग्टन यांनीच पुढाकार घेतला होता. एका शिष्यवत् तरुणाला उचलून धरणारे आणि दुसऱ्याला सभेत पाडणारे हात एकाच माणसाचे होते! पण फादर लेमेत्र यांचा कृष्णविवरांशी असलेला संबंध फारसा कोणी सांगत नाही. श्वार्झशिल्ड यांच्या गणितातील ती विचित्र मर्यादा ही निसर्गातली भिंत नव्हे. मोजमापाची पद्धत चुकल्यामुळे ती तशी भासते, हे त्यांनी १९३३ साली दाखवून दिले. उत्तर ध्रुवावर नकाशातल्या साऱ्या उभ्या रेषा एकत्र येतात, म्हणून तेथे जमीन फाटलेली नसते, तसेच हे. आत पडणारी वस्तू ती सीमा ओलांडून सरळ जाईल. फक्त परतीची वाट नाही. आज त्या सीमेला घटनाक्षितिज म्हणतात. लेमेत्र यांच्या या निबंधाकडे तेव्हा कोणाचे लक्ष गेले नाही, आणि पुढील पंचवीस वर्षे विद्वान मंडळी त्याच भिंतीवर डोके आपटत राहिली.

लेमेत्र १९६० पासून १९६६ मध्ये मृत्यू येईपर्यंत परमगुरूंच्या विज्ञान अकादमीचे अध्यक्ष होते. तरीही विश्वाच्या आरंभाविषयीचे आपले गणित आणि उत्पत्तीच्या पुस्तकातील निर्मितीकथा यांची सरमिसळ त्यांना मान्य नव्हती. बारावे पायस यांनी १९५१ साली तसा सूर लावला, तेव्हा त्यांना अवघडल्यासारखे झाले होते.

आता थोडे वेगाने पुढे जाऊ. १ सप्टेंबर १९३९ रोजी, हिटलरच्या फौजा पोलंडमध्ये शिरल्या त्याच दिवशी, अमेरिकेत ओपेनहायमर आणि स्नायडर यांचा निबंध प्रसिद्ध झाला. जड तारा अखेरीस कोसळतच जातो आणि बाहेरच्या जगापासून स्वतःला तोडून घेतो, हे त्यांनी गणिताने दाखवले. महायुद्धाच्या धामधुमीत तो दुर्लक्षित राहिला; ओपेनहायमर स्वतः अणुबाँबकडे वळले. भारतात मात्र या विषयाची एक पणती तेवत होती. कोल्हापुरात जन्मलेले आणि केंब्रिजला शिकलेले रँग्लर विष्णु वासुदेव नारळीकर १९३२ पासून बनारस हिंदू विद्यापीठात सापेक्षता शिकवीत. त्यांच्याजवळ राहून काम केलेल्या प्र. चु. वैद्य यांनी १९४३ साली प्रकाश ओतणाऱ्या ताऱ्याभोवतीचे गुरुत्वाकर्षण मांडले. कोसळत्या ताऱ्यांच्या अभ्यासात आजही वैद्यांचे हे उत्तर वापरतात. कलकत्त्याच्या अमलकुमार रायचौधुरी यांचे १९५५ चे समीकरण तर रॉजर पेनरोझ यांच्या १९६५ च्या सिद्धतेच्या पायाशी आहे. त्या सिद्धतेसाठी पेनरोझ यांना २०२० साली नोबेल मिळाले.

नावाची गोष्टही आपल्या देशाशी जोडलेली आहे. १७५६ साली कलकत्त्याच्या फोर्ट विल्यममधील एका कोंदट कोठडीत इंग्रज कैदी गुदमरून मेले, ती घटना विलायतेत 'ब्लॅक होल' म्हणून गाजली. मृतांच्या आकड्याविषयी इतिहासकारांचे एकमत नाही. प्रिन्स्टनचे रॉबर्ट डिकी या कोसळत्या ताऱ्यांना थट्टेने त्याच कोठडीची उपमा देत. १९६४ साली हा शब्द छापला गेला आणि १९६७ पासून जॉन व्हीलर यांनी तो रूढ केला. मराठीने त्याला 'कृष्णविवर' म्हटले. शब्द सुंदर आहे, पण थोडा फसवा. ते विवर, म्हणजे भोक, नव्हे. ती अतिशय घट्ट दाबलेली वस्तू आहे. ते आसपासचे सारे गिळत सुटते हाही गैरसमज. सूर्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचे कृष्णविवर ठेवले, तर पृथ्वी आहे त्याच कक्षेत फिरत राहील. फक्त अंधार होईल. आणि आपला सूर्य कधीच कृष्णविवर होणार नाही. तो तेवढा जड नाही.

हा शब्द मराठी घराघरांत पोहोचवणाऱ्या एका कथेचा उल्लेख येथे हवाच. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची कथा पहिली आली. लेखक होते कोणी नारायण विनायक जगताप. परीक्षकांना नंतर कळले, की ते नाव खोटे आहे. जयंत विष्णु नारळीकर यांनी आपल्या नावाची आद्याक्षरे उलट करून ते घेतले होते, म्हणजे नावाच्या वजनाने निर्णय व्हायला नको! बनारसच्या नारळीकरांचे हे चिरंजीव. ते १९७२ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. १९८८ साली पुण्यात आयुका ही संस्था स्थापन झाली, तिचे ते संस्थापक संचालक. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. विश्वाला एका महास्फोटात आरंभ झाला, हे फादर लेमेत्र यांच्या परंपरेतले मत त्यांनी अखेरपर्यंत स्वीकारले नाही. आपले मत बहुसंख्यांविरुद्ध असूनही ते त्यांनी उघडपणे मांडले, याचे १९३५ च्या त्या सभेनंतर अधिकच अप्रूप वाटते.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळतो. पहिला पुरावा आला तो मिचेल यांनी सुचवलेल्या वाटेनेच. हंस तारकासमूहातून क्ष-किरण येतात हे १९६४ साली अग्निबाणावरील उपकरणांना दिसले. १९७१ साली तेथील एक निळा महाकाय तारा ५.६ दिवसांत एका अदृश्य सोबत्याभोवती फिरतो आहे, असे आढळले. सोबत्याचे वस्तुमान इतके भरले, की तो श्वेतबटूही असू शकत नाही आणि न्यूट्रॉन ताराही नाही. त्याला 'सिग्नस एक्स-१' म्हणतात. आजच्या हिशेबाने तो सूर्याच्या सुमारे २१ पट जड आहे आणि आपल्यापासून सुमारे ७,२०० प्रकाशवर्षे दूर.

त्यानंतर प्रत्यक्ष आवाज ऐकू आला म्हणायला हरकत नाही. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगो वेधशाळेच्या चार-चार किलोमीटर लांबीच्या भुजा किंचित थरथरल्या. लांबीतील हा फरक प्रोटॉनच्या व्यासापेक्षाही कितीतरी कमी होता. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांपलीकडे दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळली होती. एक सूर्याच्या ३६ पट, दुसरे २९ पट आणि मिळून झाले ते ६२ पट. उरलेले तीन सूर्यांएवढे द्रव्य गुरुत्वीय लहरींच्या रूपाने विश्वात पसरले. एकत्र येणारी कृष्णविवरे ठोका दिलेल्या घंटेसारखी निनादत शांत होतात, हे बंगळूरचे सी. व्ही. विश्वेश्वर यांनी १९७० सालीच गणिताने सांगितले होते. गोंगाटातून असा क्षीण सूर वेगळा काढण्याच्या पद्धती आयुकात संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी लायगोचे बांधकाम होण्याच्याही आधीपासून घडवीत आले होते. तशीच तिसरी वेधशाळा आता महाराष्ट्रात, हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळ उभारली जात आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. दूरच्या दोन वेधशाळांना तिसऱ्याची जोड मिळाली, म्हणजे लहर आकाशाच्या नेमक्या कोणत्या दिशेने आली हे अधिक अचूक सांगता येईल.

छायाचित्र सर्वांत शेवटी आले, १० एप्रिल २०१९ रोजी. तो शाळकरी मुलगा जेथून आरंभ मानत होता, तो या इतिहासाचा जवळजवळ शेवट आहे. साडेपाच कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या एम-८७ या दीर्घिकेतील ६५० कोटी सूर्यांएवढ्या जड कृष्णविवराची ती सावली. २०२२ च्या मे महिन्यात आपल्या आकाशगंगेच्या मध्यभागी असलेल्या, सुमारे ४० लाख सूर्यांएवढ्या कृष्णविवराचेही चित्र मिळाले. दरम्यान २०१७ साली व्हॅटिकन वेधशाळेने फादर लेमेत्र यांच्या स्मरणार्थ याच विषयावर कास्तेल गांदोल्फो येथे परिषद भरवली होती. पेनरोझ तेथे होते आणि परमगुरू फ्रान्सिस यांनी साऱ्या शास्त्रज्ञांची भेट घेतली.

त्या मुलाला आम्ही सांगितले, की नाताळच्या संध्याकाळी साडेसातच्या सुमारास नायगावच्या किनाऱ्यावर येऊन वायव्येकडे पाहा. इमारतींच्या दिव्यांकडे पाठ करून उभे राहावे लागेल. क्षितिजाच्या थोडे वर उजवीकडे कललेला ताऱ्यांचा एक मोठा क्रूस दिसेल. तो हंस तारकासमूह. त्याच्या माथ्यावरचा ठळक तारा हंसपुच्छ. आडव्या आणि उभ्या रेषा जेथे मिळतात, तेथे दुसरा. क्रूसाचा लांब खालचा दांडा क्षितिजाकडे उतरत जातो. त्या दांड्याच्या साधारण मध्यावर एक अंधूक तारा आहे आणि त्याच्या अगदी जवळ, साध्या डोळ्यांना न दिसणारा तो निळा तारा आपल्या काळ्या सोबत्याभोवती फिरतो आहे. तो म्हणाला, "दिसणार तर काहीच नाही!" पण येतो म्हणाला.